रापोलास मास्तरांचं जवस

शब्दांवर बोलायचं तर माणसाने आधी मातीत हात घालावा, असं रापोलास मास्तरांनी बायकोच्या वाढदिवसाला, हेरिंग मासा आणि उकडलेले बटाटे यांच्या साक्षीने जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या नखात मातीचा कणसुद्धा नव्हता. वार्नूपे गावच्या शाळेत त्यांनी उभा जन्म लिथुआनियन भाषा शिकवली होती. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, पण शिकवणं कुठे जाणार? जो समोर बसेल तो विद्यार्थी. पोस्टमन उभ्या उभ्याच टपाल देऊन सटकायचा, त्याचं कारण हेच.

त्या दिवशी समोर मेहुणा बसला होता. लेओनार्दास हा त्यांच्या बायकोचा, एल्वीराचा, धाकटा भाऊ, विल्नियसच्या विद्यापीठात शब्दांच्या उगमाचा प्राध्यापक. म्हणजे मास्तर जे फुकट सांगायचे, ते हा पगार घेऊन सांगायचा. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, पण ते व्यक्त करण्याची दोघांना ठाऊक असलेली एकच रीत म्हणजे भांडण.

"ज्याच्या धाग्याचं लिनन विणतात त्या जवसाला टायरॉलच्या डोंगरातला शेतकरी 'हार' म्हणतो," मास्तर काटा उगारून म्हणाले. "आणि जर्मन माणूस केसाला काय म्हणतो? 'हार'! डॅनिश माणसाचे तर हे दोन शब्द सख्ख्या बहिणींसारखे. आणि तुम्ही पुस्तकवाले म्हणता, दोन्ही शब्द वेगळ्या घरचे, योगायोगाने एकसारखे झाले!"

"आम्ही म्हणतो, कारण तसं आहे," लेओनार्दास शांतपणे बटाटा सोलत म्हणाला. "जवसाचा 'हार' विंचरण्याच्या धातूवरून आला असावा. आपली 'कासा', म्हणजे वेणी, तीही त्याच घरची. इथवर मी तुझ्याबरोबर आहे. पण केसाच्या 'हार'चं कुळ निराळं."

"झालं की मग! जवस विंचरतात, केस विंचरतात. फणी एक, हात एक. ज्यांनी हे शब्द केले त्या माणसांना दोन्हींत फरकच वाटत नव्हता!"

"रापोलास, हे स्वयंपाकघरातलं भाषाशास्त्र झालं."

मास्तरांनी काटा खाली ठेवला. बेचाळीस वर्षांच्या संसारात एल्वीराने तो काटा इतक्या हळू खाली ठेवलेला पाहिला नव्हता.

"तू कधी जवस विंचरलंयस?" मास्तरांनी विचारलं.

"तू?"

दोघांनीही विंचरलं नव्हतं. पण हा प्रश्न विचारला गेला होता, आणि वार्नूपेत असा प्रश्न टेबलावर पडला की कुणाला तरी उचलावाच लागतो. लेओनार्दासने अट घातली. शरद ऋतूत गावच्या सांस्कृतिक भवनात जवसाचा दिवस साजरा होतो. त्या दिवशी मास्तरांनी आपण पेरलेल्या, आपण मोडलेल्या, आपण विंचरलेल्या जवसाचा एक पेड हातात घेऊन व्यासपीठावर उभं राहायचं. मग लेओनार्दास उठून सगळ्यांसमोर कबूल करेल की रापोलासच्या म्हणण्यात तथ्य आहे. आणि नाही जमलं, तर जेवणाच्या टेबलावर शब्दांचा विषय कायमचा बंद. वाढदिवसाला बंद, ईस्टरला बंद, नाताळच्या आदल्या संध्याकाळी तर तोंडातून अक्षर नाही.

ज्या माणसाचा वर्ग गेला, त्याच्याकडे आता एवढं एक टेबलच उरलं होतं. मास्तरांचा चेहरा जरा उतरला. पण लगेच ते म्हणाले, "मंजूर," आणि एल्वीराकडे वळून, "बिटाचा वाफा मला लागेल."

"आणि उन्हाळ्यात गार सूप कशाचं करू? शब्दांचं?" एल्वीरा म्हणाली. पण वाफा तिने दिला.

पेरणीला अख्खी गल्ली कुंपणाला टेकून उभी होती. डावीकडची स्तेफानिया आजी आणि उजवीकडचा ल्युदास हे दोघे शेजारी गेली कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्यामुळे दोघांचेही सल्ले मास्तरांच्या डोक्यावरूनच ये-जा करायचे.

"फार दाट पेरतायत," आजी आकाशाकडे पाहून म्हणाली.

"जवस दाटच पेरतात म्हणावं," ल्युदास आपल्या कुत्र्याला म्हणाला.

"मास्तर, शिशिर सरताना बर्फावर घसरगाडीवरून लांबवर घसरला होतात का?" आजीने विचारलं. " जितकं लांब घसराल तितकं जवस उंच येतं."

मास्तरांना ही रीत उत्तम ठाऊक होती. ती त्यांनी सातवीला धडा म्हणून शिकवली होती. ते स्वतः मात्र त्या काळात गुडघ्याला पट्टी बांधून घरात बसले होते. "वैज्ञानिक आधार नाही त्याला," ते म्हणाले. आणि कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी मे महिन्याच्या हिरवळीवर बुडाखाली ताडपत्री घेऊन थोडं घसरून घेतलं. ल्युदास बघत होता. पुढचा महिनाभर तो मास्तरांना भेटला की फक्त "काय मास्तर, उतार बरा आहे ना?" एवढंच विचारायचा.

जवस मात्र आलं, आणि देखणं आलं. सकाळी वाफा निळाभोर व्हायचा, दुपारी फुलं गळायची, दुसऱ्या सकाळी पुन्हा निळाभोर. मास्तर हातात चहाचा पेला घेऊन वाफ्यासमोर उभे राहायचे आणि व्याख्यानाचा एकेक परिच्छेद जवसालाच म्हणून दाखवायचे. जवस मान डोलवायचं. इतका समजूतदार वर्ग त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता.

पहिला घात काढणीला झाला. जवस मुळासकट उपटायचं असतं, म्हणजे धागा पूर्ण लांबीचा मिळतो. हेही मास्तरांना ठाऊक होतं. त्यासाठी लिथुआनियनमध्ये जे क्रियापद आहे त्याची रूपं त्यांनी हजारो मुलांकडून घोकून घेतली होती. पण ठाऊक असणं डोक्यात होतं, आणि हातात होतं गवत कापायचं यंत्र. यंत्र सुरू झालं, मास्तरांची समाधी लागली, आणि अर्धा वाफा आडवा झाल्यावर स्तेफानिया आजीची किंकाळी त्यांच्या कानावर आली.

"उपटतात हो! उपटतात! देवा, माणसाने जवसाची हजामत केली!"

ही किंकाळी ऐकून ल्युदासही धावत आला, आणि त्या गोंधळात आजीशी बोलला. "खरंच की," एवढंच बोलला, पण बोलला. मास्तरांच्या नावावर त्या उन्हाळ्यात एवढं एक पुण्य जमा झालं.

उरलेला अर्धा वाफा त्यांनी हाताने उपटला. कंबर त्या दिवशी जी वाकली ती सरळ व्हायला तयार होईना. एल्वीराने त्यांना तसंच कोनात आणून जेवायला बसवलं.

यानंतर जवस भिजत घालायचं असतं. देठ पाण्यात चांगले कुजले की सालीतला धागा लाकडापासून सुटतो. पूर्वी हे काम गावतळ्यात व्हायचं. तळं आता नगरपालिकेचं होतं, म्हणून मास्तर स्वच्छ शर्ट घालून परवानगी मागायला गेले. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "तळ्यात काय सोडणार?"

"सोडणार काही नाही. भिजत घालणार."

"म्हणजे सोडणारच."

"परत बाहेर काढणार हो."

"पाण्यातून बाहेर काढणं म्हणजे मासेमारी. ती दोन नंबरच्या खिडकीत."

दोन नंबरच्या खिडकीतल्या गृहस्थांनी जवस मासा नसल्याची खात्री करून घेतली आणि त्यांना पर्यावरण विभागात पाठवलं. पर्यावरण विभागात एक तरुण मुलगी होती. तिने अगदी आस्थेने सगळं ऐकून घेतलं, सुंदर उपक्रम आहे असं म्हणाली, आणि कुजलेल्या जवसाने तळ्यातले मासे मरतात म्हणून परवानगी नाकारली. नाकारून झाल्यावर तिने मास्तरांना ओळखलं. ती त्यांचीच विद्यार्थिनी होती. "तुम्हीच शिकवलंत ना सर, नियमाला अपवाद असला तरी तो आधी लिहिलेला असावा लागतो," ती म्हणाली. मास्तरांना तिचा अभिमान वाटला आणि तिचे कान उपटावेसेही वाटले.

तेव्हा जवस घरच्या न्हाणीघरात, आंघोळीच्या टबात गेलं. इथे सांगायला हवं की घराच्या पुढच्या खोलीत एल्वीराचं केस कापायचं पार्लर होतं, आणि न्हाणीघराची भिंत पार्लरला लागून होती. कुजणाऱ्या जवसाचा वास कसा असतो हे सांगणं कठीण आहे. आधी वाटतं बाहेरून काहीतरी येतंय, मग वाटतं घरातून येतंय, आणि शेवटी प्रत्येक माणसाला वाटतं की आपल्यातूनच येतंय. शनिवारी गावच्या डॉक्टरीणबाई डोक्याला रंग लावून बसल्या होत्या. त्या तशाच, टॉवेल गुंडाळून, उठून गेल्या.

एल्वीरा न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. "रापोलास," ती म्हणाली, "आज संध्याकाळी या टबात एक जण झोपणार. तू किंवा जवस."

जवस अंगणात आलं, ल्युदासकडून आणलेल्या प्लास्टिकच्या पिंपात. वास मात्र सगळ्या गल्लीत आला. कुणीतरी तक्रार केली आणि सांडपाण्याचा निरीक्षक अवतरला. तो नाक वर करून कुंपणाकुंपणाने हिंडला आणि नेमका ल्युदासच्या शौचखड्ड्यापाशी येऊन थांबला. ल्युदासने शपथेवर सांगितलं की खड्डा नवा आहे. निरीक्षक म्हणाला, वास जुना आहे. शेवटी झाकण उघडून पाहावं लागलं, आणि आतापर्यंत ज्या वासाबद्दल वाद होता त्याबद्दल कुणाच्याच मनात काही शंका उरली नाही. खरं कारण कुंपणापलीकडे पिंपात शांतपणे बुडबुडे सोडत होतं. मास्तर पिंपाला पाठ लावून उभे होते आणि निरीक्षकाला 'दुर्गंध' या शब्दाच्या छटा समजावून देत होते. निरीक्षक पाचव्या छटेला निघून गेला.

ल्युदास नंतर म्हणाला, "मास्तर, पिंप माझं, वास तुमचा, आणि खड्डा उघडला माझा. हा न्याय कुठला?" मास्तरांनी ल्युदासला मधाची बरणी नेऊन दिली आणि गप्प बसले. गप्प बसणं त्यांना जमत नसे, म्हणजे प्रसंग किती गंभीर होता ते ध्यानात यावं.

शरद ऋतू आला. जवस वाळलं. आता ते लाकडी जबड्यात मोडायचं, म्हणजे आतलं लाकूड भुगा होऊन गळून पडतं, आणि मग खिळ्यांच्या फणीवर विंचरायचं. स्तेफानिया आजीच्या माळ्यावर हे दोन्ही होतं, आणि तिने ते आनंदाने दिलं. वर म्हणाली, "गल्ली बोलावते मी. जवस मोडायला सगळ्यांनी जमायचं असतं. एकट्याचं कामच नाही ते."

"नको," मास्तर म्हणाले. "अट आहे. माझेच हात लागले पाहिजेत."

आजीला हे लागलं. जवस मोडायला शेजार जमू द्यायचा नाही हे तिच्या दृष्टीने लग्नाला पाहुणे न बोलावण्यासारखं होतं. मास्तर एकटेच घराच्या काचबंद ओसरीत बसून खटाक-खटाक करत राहिले. तिकडे सांस्कृतिक भवनातल्या गाणाऱ्या बायकांनी आपलं जवस, गाणी म्हणत आणि चीज खात, केव्हाच मोडून संपवलं होतं. जवसाचा दिवस उद्यावर आला आणि मास्तरांच्या पेंढ्या अजून तशाच रचून ठेवलेल्या.

अशा वेळी काय होतं हे वार्नूपेत कुणाला सांगावं लागत नाही. ज्यांचं जवस मोडून झालं ते, ज्याचं राहिलंय त्याच्याकडे एक गवताचा माणूस धाडतात. त्याला 'कुर्शिस' म्हणतात. फाटका कोट, वाकडी टोपी, डोक्याला जवसाचे केस. तो दारातून आत फेकायचा, आळशी म्हणून चार शिव्या हासडायच्या, आणि पाय लावून पळायचं. पळालात तर अब्रू त्या घराची गेली. पकडले गेलात तर अब्रू तुमची गेली. मग तोंडाला काजळी फासतात आणि जवस संपेपर्यंत त्या घरात राबवून घेतात.

लेओनार्दास त्याच सकाळी विल्नियसहून आला होता. गाणाऱ्या बायकांनी त्याला भवनापाशीच गाठलं. "प्राध्यापकसाहेब, तुम्ही या रीतीवर लिहिलंय म्हणे?" त्याने लिहिलं होतं. "मग करून बघायला नको?" आणि विद्वान माणूस कौतुकाला जितका लवकर भुलतो तितकं लहान मूलसुद्धा गोळीला भुलत नाही. कुर्शिस काखोटीला मारून तो बहिणीच्या घरी निघाला.

फेकणं त्याने छान केलं. कुर्शिस ओसरीत मास्तरांच्या बरोब्बर पायाशी पडला. "आळशी रापोलास! उंदरांनी वेणी घातली तुझ्या जवसाची!" हीही शिवी झकास होती, बायकांनी पढवलेली. आता फक्त पळायचं होतं. पण खटपट ऐकून एल्वीरा हातात कात्री घेऊन पार्लरमधून बाहेर आली आणि सहज म्हणाली, "लेओ, हे रे काय?"

प्रश्न विचारला गेला होता. लेओनार्दास उंबऱ्यावर थांबला.

"ताई, हा कुर्शिस. समुद्रकाठच्या एका जुन्या जमातीचं नाव आहे ते. आता ते या बाहुल्याला का चिकटलं, याविषयी दोन मतं आहेत. पहिलं मत असं, की—"

दुसऱ्या मताला पोहोचेपर्यंत एल्वीराने त्याच्या मागचं दार लावून घेतलं होतं.

"काजळी आण, रापोलास," ती म्हणाली.

मास्तरांच्या अंगात त्या क्षणी विशीचं बळ आलं. घरातल्या चुलीच्या धुराड्यात काजळीला तोटा नव्हता. प्राध्यापकांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि एका कानामागेसुद्धा मास्तरांनी ती मन लावून फासली. कुंपणावरून स्तेफानिया आजी आणि ल्युदास, दोघे शेजारी शेजारी उभे राहून, सूचना देत होते.

मग लेओनार्दास लाकडी जबड्यापाशी बसला. रीतच होती, त्याला इलाज नव्हता. पण बसल्याबरोबर त्याचे पांढरे दात काळ्या तोंडात चमकले. "रापोलास, एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. जवस मोडायला माझे हात लागले, म्हणजे तुझी अट मोडली. तू हरलास."

मास्तरांच्या हातातली पेंढी खाली पडली. ते खरंच हरले होते. काजळीच्या भरात त्यांनी आपलं टेबल, आपला शेवटचा वर्ग, आपल्या हाताने घालवला होता. ईस्टरला, नाताळला, आपण नुसतं 'मीठ दे, ब्रेड दे' म्हणत बसलो आहोत असं त्यांना डोळ्यांपुढे दिसलं.

"मोड," ते कसंबसं म्हणाले. "रीत तर पुरी कर."

दोघांनी मोडलं. भुगा उडाला, धागे मोकळे झाले, आणि पेंढ्यांतून मूठभर, फिकट, गुंतलेलं काहीतरी उरलं. मास्तर ते खिळ्यांच्या फणीवर ओढू लागले. ते एका हिसक्यात वरपासून खालपर्यंत ओढत होते. अर्धं तुटून गुंताच हाती येत होता.

"आण इकडे," लेओनार्दास वैतागून म्हणाला. "तोडशील सगळं."

त्याने झुबका घेतला. आधी टोकं विंचरली, मग जरा वर, मग आणखी वर. फणीत धागा अडकला की तो थांबायचा. डाव्या मुठीने झुबका वरच्या बाजूला घट्ट धरायचा, म्हणजे ओढ वर पोहोचू नये, आणि मग हलकेच सोडवायचा. पुन्हा अडकलं, पुन्हा डावी मूठ वर गेली.

मास्तर बराच वेळ ती मूठ बघत होते.

"लेओनार्दास," ते हळूच म्हणाले, "वर कशाला धरतोस?"

"अरे, ओढ बसते ना. दुखतं—"

त्याची डावी मूठ तशीच वर राहिली.

"कुणाला दुखतं?" मास्तरांनी विचारलं.

लेओनार्दासची बायको गेली तेव्हा त्याची लेक दाइवा बालवाडीत होती. त्यानंतर कितीतरी वर्षं, रोज सकाळी, व्याख्यानाला जायच्या आधी, तिची वेणी त्यानेच घातली होती. ती आता परदेशात होती, केस आखूड कापलेले होते, आणि फोन महिन्यातून एकदा यायचा. त्याने हातातल्या फिकट झुबक्याकडे पाहिलं आणि काळ्या तोंडावर दोन पांढरे ओघळ आले. मास्तरांना त्याची माया आली. त्यांनी आपला रुमाल पुढे केला. तोही काजळीचाच होता.

दुसऱ्या दिवशी सांस्कृतिक भवन गच्च भरलं होतं. गाणाऱ्या बायका, नगरपालिकेतल्या तिन्ही खिडक्या, अर्ध्या रंगवलेल्या डोक्याच्या डॉक्टरीणबाई, सगळे हजर. मास्तर व्यासपीठावर उभे राहिले. हातात जवसाचा गुळगुळीत पेड होता, आणि विंचरणारे हात आपले नाहीत हे प्रामाणिकपणे सांगायचं वाक्य तोंडात होतं. ते वाक्य फुटण्याआधीच पहिल्या रांगेतून लेओनार्दास उठला. एका कानामागे काजळी अजून होती.

"मित्रहो," तो म्हणाला, "रापोलास पैज हरलाय. त्याचं म्हणणं मात्र हरलेलं नाही. दोन शब्दांचं कुळ एक, हे मी आजही मानत नाही. पण ज्यांनी ते शब्द केले, त्या माणसांच्या हाताला जवस आणि लेकीचे केस यांत फरक कळत नव्हता, हे मला काल पटलं, तेव्हा जेवणाच्या टेबलावरची बंदी मी मागे घेतो. आता हे हात म्हणजे काय, ते मी जरा विस्ताराने सांगतो—"

आणि तो सांगू लागला. फणीबद्दल सांगितलं, वेणीबद्दल सांगितलं, डॅनिश लोकांबद्दल सांगितलं. जे जे मास्तरांनी उन्हाळाभर जवसाला ऐकवलं होतं ते सगळं, त्याच क्रमाने, आणि खरं सांगायचं तर थोडं अधिक चांगलं सांगितलं. बायका माना डोलवत होत्या. व्यासपीठावर मास्तर हातात पेड धरून, खांबासारखे उभे होते. विषय परत मिळाला होता आणि व्याख्यान डोळ्यांदेखत निघून चाललं होतं.

मग त्यांनी घसा खाकरला. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारं ते खाकरणं होतं. पहिल्या रांगेतला त्यांचा कुठलातरी जुना विद्यार्थी सवयीने ताठ बसला.

"लेओनार्दास," मास्तर म्हणाले, "खाली बस. आता मी."

आणि विल्नियसच्या विद्यापीठाचा प्राध्यापक वाक्य अर्धं टाकून, मुकाट्याने, खाली बसला.